लाईट गेली तेव्हा

९ फेब्रुवारी २०२२, बुधवार
पहाटे जाग आली ती शांततेनं. हॉलमधल्या माशांच्या टँकची बुडबुड थांबली होती. बाहेर इतकं धुकं की समोरची इमारत दिसेना. मोशीच नव्हे, भोसरी, चाकण, पुणं, सगळीकडे अंधार. चाकण आणि लोणीकंदच्या ४०० केव्ही वाहिन्या धुक्यानं आणि दवानं ट्रिप झाल्याचं नंतर कळलं. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता.

मुलगी टँकपाशी उकिडवी. "बाबा, गुरामी सारखा वर येतोय." म्हटलं, तो रोजच येतो, थेट हवेतला श्वास घेणारी त्याची जात. पण मॉली आणि एंजलही पाण्याच्या कडेला तोंड लावून होते, हे लक्षण वाईट. बायकोनं लोटीनं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतायला सुरुवात केली. पाण्याचा पृष्ठभाग ढवळला की प्राणवायू मिसळतो, एवढाच एअर पंपाचाही धंदा. थंड पाण्यात तो जास्त मावतो म्हणून थंडीनं उलट मदतच केली. टँकला घोंगडी गुंडाळली, तरी २६ अंशांचं पाणी २३ वर आलं. साडेदहाला लाईट आली.

१० फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. काल लाईट येताच फिल्टर आपोआप सुरू झाला, ती चूक झाली. बंद डब्यातले जीवाणू प्राणवायूवाचून मरायला लागतात आणि ते कुजकं पाणी मग सगळं टँकमध्ये येतं. आज डबा उघडला तर वास होताच. स्पंज टँकच्याच पाण्यात खंगाळला. नळाखाली धरला तर उरलेसुरले जीवाणू क्लोरिननं जातील. पाणी थोडं बदललं. २०१९ पासून आपल्याकडे पाणी दिवसाआड, त्यामुळे दोन बादल्या भरून उघड्या ठेवायची सवय आहेच. मासे आज उपाशी. खाणं कमी, म्हणजे घाण कमी, म्हणजे अमोनिया कमी.

कंपनीत मी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या चेकलिस्टवर सह्या करतो. घरी ब्रेकडाऊनची वाट बघत बसलो होतो. सेलवर चालणारा एअर पंप आणला. जुना पंप पाण्याच्या पातळीखाली कपाटात होता. लाईट जाताच नळीतून पाणी उलटं येऊन जमीन भिजू शकते. तो वर टांगला, शिवाय नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला. मिळतो दहा-वीस रुपयांत, आणि आठवतो मात्र फरशी पुसताना.

२४ फेब्रुवारी
लाईट होती, तरी घोटाळा. थर्मामीटर ३१. हीटरचा काटा २६ वर आणि दिवा लागलेलाच. आतले कॉन्टॅक्ट चिकटले होते. कंपनीत कॉन्टॅक्टर चिकटतो तसेच. १०० वॉटचा काढून ५०-५० चे दोन लावले. एक चिकटला तर एकट्याच्यानं मासे शिजणार नाहीत, एक मेला तर दुसरा निदान तग धरेल.

१२ एप्रिल
कोळसा कमी, भारनियमन येणार, अशा बातम्या. टँक आता हीटरशिवायच ३० वर. पाणी २० अंशांना असताना लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० ला साडेसातच. फेब्रुवारीतले चार-पाच तास आता परवडायचे नाहीत.

जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर फिल्टरला जोडून पाहिला. मोटर घुरघुरली, तापली. साइन वेव्ह घ्यावा लागणार. फिल्टर १५ वॉट, पंखा ७५. म्हणजे तासभर पंखा बंद ठेवला तर त्या विजेत फिल्टर पाच तास. हा हिशोब मोठ्यानं मांडला ही चूक. "म्हणजे आम्ही घामाघूम व्हायचं आणि माशांनी हवा खायची!" बायको म्हणाली. शेवटी तह झाला: लाईट गेली की सेलवाला पंप, इन्व्हर्टर माणसांना.

२८ एप्रिल, गुरुवार
दुरुस्तीसाठी लाईट बंद, सकाळी दहा ते तीन. आधीच निरोप आला होता, त्यामुळे पाण्यात बर्फाची बाटली सोडली होती आणि फिल्टरचा प्लग काढून ठेवला होता. एक वाजता पंपाची बुडबुड मंदावली. सेल बदलायला ड्रॉवर उघडला तर रिकामा. मुलीनं गुपचूप जाऊन टीव्हीचा रिमोट आणला आणि पाठीमागचं झाकण उघडलं.