गुरगुरणारं पिल्लू घेतलं, तीच चूक झाली

भात घरात आलं, वाल पेरून झाले. आता डुकरांची राखण. बरेच जण विचारतात, राखणीला कुत्रं कुठलं घ्यावं? आधी माझी चूक सांगतो.

2021 चा पूर येऊन गेला, त्याच हिवाळ्यात मी अल्सेशियनचं पिल्लू आणलं. जेमतेम पाच आठवड्यांचं. खोक्यात सहा होती. पाच शेपूट हलवत आली, एक कोपऱ्यात बसून गुरगुरत होतं. म्हटलं, हाच वाघ! विकणारा पण म्हणाला, बरोबर ओळखलंत. दीड वर्षानं त्यानं माझ्या चुलतभावाच्या मुलीचा हात फोडला. पोर फक्त ताक न्यायला आली होती. जखम साबणानं धुतली, लगेच दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. हात बरा झाला. चुलतभाऊ मात्र दोन वर्षं बोलला नाही. कुत्रा पुढं साखळीलाच राहिला आणि मागच्या पावसात गोचीडतापानं गेला.

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. त्याला कुत्र्यांच्या संरक्षण खेळाचा नाद. आयजीपी म्हणतात, जुनं नाव शुट्झहुंड. जर्मनीत 1899 साली मॅक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी अल्सेशियनची संघटना काढली. पुढं कुठला कुत्रा पैदाशीला लायक हे ठरवायला ही परीक्षा आली. माग काढणं, हुकूम पाळणं आणि संरक्षण, प्रत्येकी 100 गुण. मला वाटायचं, जो जास्त चावतो तो जिंकतो. तसं नाय. लपलेला माणूस गप उभा असेल तर कुत्र्यानं फक्त भुंकायचं. पळाला किंवा अंगावर आला तरच त्याच्या हातातली जाड बाही धरायची. आणि मालकानं सोड म्हटलं की सोडायचं. सोडलंच नाही तर बाद.

या खेळासाठी भाचा पिल्लू निवडायला निघाला, मला पण नेलं. त्यानं पिल्लांकडं आधी बघितलंच नाही. आईला बघितलं. अनोळखी माणसासमोर ती कशी वागते, मालकाचं ऐकते का. बापाचं काम बघितलं. दोघांच्या खुब्यांचे एक्सरे मागितले, कारण या जातीत खुब्याचा दोष पिढीत उतरतो. कागदावर वंशावळ कळते, स्वभाव कळत नाही म्हणाला.

पिल्लं सात आठवड्यांची होती. एकेकाला वेगळ्या खोलीत नेलं आणि थोडं लांब स्टीलचं ताट पाडलं. एक खुर्चीखाली घुसलं ते बाहेरच येईना. एक दचकलं, थांबलं, मग स्वतःहून येऊन ताट हुंगलं. मग फडकं ओढलं, तर त्यानं तोंडभर धरलं आणि सोडेना. मी गुरगुरणाऱ्याकडं बोट दाखवलं. भाचा म्हणाला, "मामा, ते शूर नाय, घाबरलंय. घाबरलेल्याला चोर आणि पाहुणा सारखाच." मला ताक न्यायला आलेली पोर आठवली. दचकून परत आलेलं पिल्लू त्यानं ठरवलं, पण आठवडाभर आईजवळच ठेवलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असा 2017 चा सरकारी नियमच आहे.

मला खेळायचं नाही आणि केसाळ कुत्र्याला आपला पाऊस सोसत नाही. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावर गेलो. तिथली गावठी कुत्री दिवसभर शेरडांमागं असते. आम्हाला बघून भुंकली, म्हाताऱ्या बाबांनी हाक मारल्यावर गप बसली. तिच्या पिल्लांजवळ मी पण पितळी पाडली! बाबा हसले, म्हणाले, "कुत्रं बघतोस का भांडी वाजवतोस?"

दचकून परत आलेली पिल्ली आणली. नाव चंपी. जंताचं औषध झालं, लशी चालू आहेत, तीन महिन्यांची झाली की रेबीजची टोचायची. राखण सध्या मीच करतो, ती माझ्या घोंगडीवर झोपते.

तेव्हा कुत्रं घ्याल तर आधी आई बघा, मग पिल्लू. जातिवंत म्हणजे महाग नव्हे, रागीट तर नव्हेच.

चुलतभाऊ परवा बांधावर उभा राहून चंपीला बघत होता. त्याची मुलगी अजून आमच्या अंगणात येत नाही. मी बोलवत नाही. येईल तेव्हा येईल.