तुमचं वय किती सेकंद?

दिवस म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की सगळे हात वर होतात. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी! आणि वर्ष? सूर्याभोवती एक फेरी! अगदी बरोबर. पण मग पृथ्वी सोडून दूर ताऱ्यांकडे निघालेल्या माणसांनी दिवस कशावरून मोजायचा? त्यांच्या खिडकीबाहेर सूर्य उगवतही नाही आणि मावळतही नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना हे कोडं पडतंच. त्यांनी काढलेली उत्तरं मोठी गमतीची आहेत, बरं का!

१९६६ साली अमेरिकेत टीव्हीवर 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तिच्यातला यानाचा कप्तान रोजनिशीत 'स्टारडेट' सांगतो, म्हणजे ताऱ्यांची तारीख. ऐकायला किती भारदस्त! पण लेखकांना सूचनाच होती, की चार आकडी कुठलीही संख्या घ्या. गोष्ट नेमकी कोणत्या शतकातली, ते प्रेक्षकांना कळू द्यायचं नव्हतं ना! १९७८ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेत 'सेंटॉन' नावाचं माप आहे. ते कधी मिनिटासारखं वाटतं, तर कधी तासासारखं.

आता तुम्हीच सांगा, सेंटॉनवर विसंबून दोन मित्र वेळेवर भेटतील का? नाही! मग ते माप कसलं, ते तर नुसतं नाव. उलट आमच्या शाळेतली काही मुलं म्हणतात, "बाई, सकाळची एसटी गेली की आम्ही निघतो." त्यांच्या मनगटावर घड्याळ नसतं, पण हे माप अख्ख्या गावाला कळतं. म्हणून त्याला मी हसत नाही आणि कुणाला हसूही देत नाही.

व्हर्नर विंजी या लेखकाने १९९९ च्या 'अ डीपनेस इन द स्काय' या कादंबरीत फार छान युक्ती केली. त्यातले ताऱ्यांमध्ये फिरणारे व्यापारी दिवस, महिना, वर्ष सगळं सोडून देतात आणि फक्त सेकंद जवळ ठेवतात. हजार सेकंदांचा किलोसेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. आपला शाळेचा एक तास साधारण दोन किलोसेकंदांचा! दहा लाख सेकंदांचा मेगासेकंद, म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस. सेकंदच का? कारण १९६७ पासून सेकंदाचं माप सिझियमच्या अणूवरून ठरतं. त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. तो अणू कुठेही न्या, सोबत सेकंद आलाच!

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या १९९२ च्या 'रेड मार्स' कादंबरीत वेगळीच गंमत आहे. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा. मग तिथली माणसं काय करतात? रोज मध्यरात्री घड्याळं तेवढा वेळ थांबवतात! तास-मिनिटं आपलीच राहतात आणि मंगळाचा मानही राहतो.

ही नुसती कल्पना समजू नका हं. २००४ साली 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्या मंगळावर उतरल्या, तेव्हा त्या चालवणारे शास्त्रज्ञ मंगळाच्या वेळेने कामावर जात. रोज सुमारे चाळीस मिनिटं उशिरा! अठरा दिवसांत सकाळी आठचं काम रात्री आठवर येई. बाहेर ऊन असताना घरी जाड पडदे लावून झोपायचं. घड्याळ मंगळाचं, पण शरीर पृथ्वीचंच ना!

आता वही-पेन्सिल घ्या. साध्या वर्षात ३,१५,३६,००० सेकंद असतात. तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर सुमारे ३७८ मेगासेकंदांचे झालात. शंभर कोटी सेकंद पूर्ण होतात ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षात. माझा तो वाढदिवस केव्हाच होऊन गेला, पण केक काही कुणी आणला नाही!

गणित झालं की आणखी एक काम करा. तुमचा स्वतःचा एक ग्रह कल्पा आणि त्याचं वेळेचं माप ठरवा. नाव हवं तेवढं मजेशीर ठेवा. अट एकच. त्या मापाने तुमच्या मित्राला खेळायला कधी यायचं ते सांगा आणि तो बरोबर वेळेवर आला पाहिजे!