एका बिनकामाच्या झाडाविषयी

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या अंगणात प्रत्येक झाडाला काही ना काही काम नेमून दिलेले आहे. तुळस देवाची, कढीपत्ता फोडणीचा, लिंबू लोणच्याचे, जास्वंद गणपतीची. शेवग्याच्या शेंगा आजी गल्लीभर वाटते आणि त्या बदल्यात गल्लीभरच्या बातम्या घेऊन येते. या कर्त्यासवरत्या मंडळींत एकच झाड असे आहे, की त्याला काम म्हणून नाही. फळ नाही, सावली म्हणावी तर तीही विरळ. फुले येतात, अगदी झुपक्याझुपक्यांनी येतात; पण त्यांना वास नाही, आमच्याकडे ती देवाला वाहण्याची रीत नाही, आणि केसांत माळावीत तर घटकाभरात मान टाकतात. आजीने त्याचे नाव 'रिकामटेकडं' असे ठेवले आहे.

खरे नाव कोणते, हा मात्र वादाचा प्रश्न आहे. ज्या रोपवाटिकेतून आईने ते रोप आणले तेथील माळ्याने 'चिनी मेंदी' असे सांगितले. हिंदीत त्याला सावनी म्हणतात, कारण श्रावणात ते ऐन भरात असते. पुस्तकांत 'धायटी' हे नाव सापडते. पण डोंगरउतारावर लाल फुलांनी पेटणारी धायटी ती निराळी, म्हणून मला ते नाव वापरावेसे वाटत नाही. इंग्रजीत क्रेप मर्टल. पाकळी हातात घेतली की हे नाव तत्काळ पटते. सहा पाकळ्या, प्रत्येक आपापल्या बारीक देठावर उभी, आणि कडा अशा चुरगळलेल्या, की क्रेपचे कापड धुवून, पिळून, इस्त्रीशिवाय तसेच वाळत टाकले असावे! शास्त्रीय नाव लागरस्ट्रोमिया इंडिका. लिनिअसने १७५९ साली हे नाव ठेवताना लागरस्ट्रोम या आपल्या स्वीडिश व्यापारी मित्राला अमर करून टाकले. त्यात 'इंडिका' असले, तरी बागेतल्या या झाडाची खरी ख्याती चीनची. तेथे त्याला शंभर दिवसांचे लाल फूल म्हणतात. तांग राजवटीत बाइ जुयी नावाचा एक कवी सरकारी कचेरीत कामाला होता. संध्याकाळी कचेरीत एकट्याने बसले असता या फुलाची सोबत कशी झाली, यावर त्याने कविता लिहिली आहे. म्हणजे रिकामटेकड्यांना हे झाड फार पूर्वीपासून आवडते म्हणायचे!

घराणे मात्र मोठे कर्तबगार. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले ताम्हण हे त्याचे सख्खे भावंड. हातांवर रंगणारी खरी मेंदी आणि डाळिंब ही चुलत घरची माणसे. एकजण रंग देते, एकजण फळ देते, आणि हे नुसते फुलते. प्रत्येक घराण्यात असे एखादे निघतेच. आमच्या घराण्यात दोन इंजिनिअर, तीन शिक्षक, एक औषधविक्रेता आणि कला शाखेत मी. आमचे गाव लातूर. बारावीच्या निकालाच्या 'लातूर पॅटर्न'साठी लांबलांबची मुले जेथे शिकायला येतात, त्या गावात आपण होऊन कला शाखेत नाव घालणे म्हणजे काय, हे वाचकहो, तुम्हांला मी काय सांगावे!

असो. झाडाकडे वळू.

आईने ते २०१२ च्या जूनमध्ये लावले. जागा कोणती, तर पश्चिमेच्या भिंतीलगतची. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत तेथे ऊन नुसते ओतत असते, आणि मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तेथे पूर्वी मोगरा करपून गेला होता. पण या झाडाला ऊनच हवे. दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळाले नाही, तर ते फुलायचे विसरते. सावलीत, दमट हवेत लावले, तर पानांवर भुरी पडते. द्राक्षवाल्यांना रडवणारी असते तशीच पांढरी भुकटी. आमच्या भिंतीशी भुरी टिकेल कशी? तेथे डाससुद्धा टिकत नाही.

अडचण आली ती मातीची. आमची काळी, चुनखडीची जमीन. कापसाला चांगली असेल, पण पावसात चिकट होते, पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आईने दोन फूट खड्डा घेऊन निम्म्या मातीत मुरूम आणि शेणखत मिसळले, आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटे उंचावर बसवले, म्हणजे मुळाशी पाणी साचू नये. तरीही दुसऱ्या वर्षी कोवळी पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी झाडाला ते उचलता येत नाही. यावर उपाय हिराकसाचा. चमचाभर हिराकस बादलीभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचे आणि मुळाशी शेणखत देत राहायचे. आजीच्या भावाने, मोठ्या मायेने, एकदा ओंजळभर युरिया टाकला. त्या वर्षी झाड पालेभाजीसारखे माजले आणि फुले आली मोजून चार झुपके.

छाटणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण याच ठिकाणी सर्वांत अधिक अत्याचार होतात. फुले येतात ती त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्यावर. म्हणून जानेवारीअखेर, झाड पर्णहीन असताना, पेन्सिलीहून बारीक काड्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आणि बुडातले नको असलेले फुटवे काढायचे. एवढेच. पुष्कळ लोक दरवर्षी मनगटाएवढे बुंधेच छाटतात. मग त्या थोट्यांवर गाठी धरतात, तेथून छडीसारख्या लांब काड्या सुटतात, आणि फुलांचे ओझे आले की पावसात त्या जमिनीला टेकतात. शिवाय बुंध्याचे सौंदर्य जाते ते वेगळेच. साल सोलून पडते आणि आतून गुळगुळीत, पिवळसर-राखी अंग निघते. हात फिरवीत राहावे असे. जपानी भाषेत या झाडाचे नाव 'माकड घसरणारे' अशा अर्थाचे आहे. आमच्याकडे वानरे येतात; पण ती शेवग्यावरच खूश असतात.

पहिला बहर ओसरला की बोंडे धरू लागतात. ती हिरवी असतानाच खुडून टाकली, तर महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. फुलांत मध नाही. मधमाश्या येतात त्या परागासाठी. मधोमध आखूड पिवळ्या केसरांचा जुडगा असतो, तो त्यांच्या खाण्यासाठी. आणि बाहेरचे सहा लांब, वाकडे केसर हळूच त्यांच्या पाठीला पराग लावून देतात, तो झाडाच्या वंशासाठी. पाहुण्याला फराळ द्यायचा आणि जाताना त्याच्याच हाती निरोप पाठवायचा, असा व्यवहार आहे.

मग २०१६ साल उजाडले. मांजरा धरण कोरडे पडले. नळ बंद झाले, टँकर सुरू झाले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. दहा टाक्यांची पहिली गाडी, पाच लाख लिटरची. मी तेव्हा पाचवीत होते. आमच्या घरी प्लॅस्टिकचे दोन पिंप आणि सहा घागरी होत्या, आणि कोणत्या घागरीत किती पाणी आहे हे न पाहता सांगता येईल, इतके आमचे सर्वांचे लक्ष त्यांच्यावर असे.

आई तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्या झाडाला घालत असे. तांब्या-दोन तांबे, त्याहून जास्त नाही. लिंबाला भांड्यांचे पाणी मिळे, तुळशीला पूजेचे. आजी एके दिवशी सरळ बोलली, "काय म्हणून पाणी घालायलीस त्याला? ना फळ, ना वास. तेवढंच पाणी शेवग्याला घाल, चार शेंगा तरी येतील." आई म्हणाली, "शेवग्याचं मूळ खोल गेलंय, आत्या. त्याला नको." आजी म्हणाली, "लोक बघायलेत. घागरीसाठी बाया रात्र-रात्र बसायल्यात आणि आपण फुलझाडाला पाणी घालायलाव. बरं दिसतं का?"

या शेवटच्या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हते. मला आजही ते सापडलेले नाही. आजीचे म्हणणे खोटे नव्हते. समोरच्या घरातली, माझ्याहून वर्षाने लहान असलेली मुलगी शाळा बुडवून टँकरच्या रांगेत उभी राहत होती. तिच्या डोळ्यांदेखत एका बिनवासाच्या फुलावर तांब्याभर पाणी ओतणे हे काही साधे काम नव्हे. आईने आधी अंधार पडल्यावर पाणी घालण्यास सुरुवात केली, आणि मग काही दिवसांनी अजिबात बंद केले. धुतलेल्या तांदळाचे पाणी लादी पुसायला जाऊ लागले. घरात यावर कोणीही काही बोलले नाही.

झाडाने एप्रिल संपता संपता सगळी पाने टाकली. मे महिन्यात शेंडे कटकन मोडू लागले. शेजारून सरपणासाठी विचारणा झाली. तेव्हा आजी काठी टेकीत झाडापाशी गेली, खाली वाकली आणि जमिनीलगत बुंध्याला तिने नख लावले. आत हिरवे होते. "आहे अजून," एवढेच म्हणून ती परत आली, आणि शेजाऱ्यांना तिनेच नाही म्हणून सांगितले.

पहिल्या पावसानंतर बुडातून तांबूस फुटवे आले. एक-दोन नव्हेत, चौदा. आईने त्यांतले जोमदार चार ठेवले. वरचा वाळलेला भाग कापून टाकला. त्या सप्टेंबरात लातुरावर पाऊस असा कोसळला, की कोरडे धरण भरले आणि रस्त्यांवरून पाणी वाहिले. आणि त्याच पावसात कमरेएवढ्या काड्यांवर गुलाबी झुपके लागले. पावसाच्या वजनाने ते चिखलाला टेकले होते. आजीने जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडून त्यांना भिंतीच्या खिळ्याशी बांधले. बांधताना "रिकामटेकडं मेलं" हे चालूच होते.

त्या चार काड्यांचे आता चार बुंधे झाले आहेत. दोन वर्षांपूर्वी काकांनी गाडी उभी करण्यासाठी ती जागा मागितली. आई गप्प राहिली. मोठ्या दिरासमोर ती फारसे बोलत नाही. आजी म्हणाली, "गाडी बाहेर लाव. त्यानं पाणी मागितलं नव्हतं आपल्याला." गाडी अजून रस्त्यावरच उभी असते, आणि पावसाळाभर तिच्या टपावर गुलाबी पाकळ्या पडतात. काका त्याबद्दल दर भेटीत बोलतात.

यंदा जुलैत मी वीतभर लांबीच्या आठ काड्या दुधाच्या पिशव्यांत लावल्या होत्या. पाच जगल्या. त्यांतली एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे, पश्चिमेच्या भिंतीशी लावण्याची परवानगी मिळाली आहे. तेथे नळ नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षे आठवड्याला एक बादली पाणी कोणी तरी वाहून न्यावे लागेल. वर्गातल्या तिघींनी वार वाटून घेतले आहेत. शिपाईमामांनी खड्डा घेताना याला काय लागते म्हणून विचारले, आणि काही लागत नाही हे ऐकूनही खड्डा दोन फूटच घेतला. मुरूम टाकून झाला आहे. हिराकस तेवढे आणायचे राहिले आहे.