दाखल्याविना सातवी

शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून एका शाळेने मला दारातून परत पाठवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. साल 2012. आम्ही बीडकडचे. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला आई-आप्पांचा कोयता दरवर्षी ऊसतोडीला निघायचा. त्या हंगामात टोळी सांगली जिल्ह्यात उतरली. आजी वारली होती, गावी मला सांभाळायला कोणी नव्हतं.

आप्पा मला घेऊन जवळच्या शाळेत गेले. ‘‘दाखला आणा, मग बघू,’’ मुख्याध्यापक म्हणाले. आप्पांनी विनवलं, बीडला जाऊन यायचं तर खाडे पडतील, मुकादम सोडत नाही, पोरीला नुसतं बसू द्या. त्यावर उत्तर आलं, ‘‘अर्ध्यातून येणारी पोरं पट बिघडवतात.’’ आप्पांनी खिशातून माझं प्रगतिपुस्तक काढलं. घडी घातलेलं, घामानं ओलसर. ते कुणी हातातही घेतलं नाही. पहाटे तीनला उठून ऊस तोडलेला माणूस तिथे उभाच होता. त्याला बसाही म्हणाले नाहीत. परतताना आप्पा एक शब्द बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या कोपीवर, त्या झोपडीत, धाकट्या भावाला, बारक्याला सांभाळू लागले.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू होता. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं त्याचं कलम 5 स्वच्छ सांगतं. त्या टेबलामागच्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. आम्हाला कुठून ठाऊक असणार?

मग एका रविवारी वस्तीवरच्या शाळेतल्या बाई मुलं शोधत कोप्यांवर आल्या. ‘‘नाव मागाहून लागेल, पोरगी उद्यापासून वर्गात बसेल.’’ आई म्हणाली, ‘‘बारक्याला कोण बघणार?’’ बाई म्हणाल्या, ‘‘त्यालाही आणू दे.’’ बारक्या खडूचे तुकडे घेऊन मागे खेळायचा, दुपारी आमच्यासोबत खिचडी खायचा. ऋण संख्या माझ्या बुडाल्या होत्या. बाईंनी त्या मधल्या सुट्टीत शिकवल्या. हंगाम संपल्यावर माझ्या गावच्या शाळेसाठी त्यांनी सगळ्या विषयांच्या नोंदी लिहून दिल्या, म्हणून माझी सातवी वाया गेली नाही.

बाई देवासारख्या भेटल्या, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. आता ते म्हणताना चीड येते. जे माझ्या हक्काचं होतं, त्यासाठी देव का भेटावा लागावा? बाईंनी केलं ते प्रत्येक शिक्षकाचं कामच आहे. पण बारक्याला वर्गात बसवा, सुट्टीच्या दिवशी कोप्या धुंडाळा, हे कुठल्या कलमात लिहिलंय? तेव्हा ‘कामच आहे’ हे माझं म्हणणं मलाच पुरतं पटत नाही.

ऊसतोडीला निघणाऱ्या आईबापांना मी सांगते, नव्या शाळेत दाखवायला गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. नवी शाळा नाही म्हणाली, तर ‘नाही’ लेखी मागा. हे सांगते खरी, पण त्या दिवशी हे माहीत असतं तरी आप्पा त्या टेबलापुढे बोलले असते का? मुकादमापुढे उभा हंगाम मान खाली घालणाऱ्या माणसाच्या हाती नुसतं कलम देऊन भागत नाही. शाळेनंच फडापर्यंत यायला हवं, आणि ते एखाद्या बाईंच्या मर्जीवर सोडता कामा नये.