ताप उतरला तेव्हा

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस पोर तापाने फणफणत होते. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितले होते. पाणी भरपूर पाजा, तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही लिहून दिले तेवढेच. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रोज दाखवायला आणा.

पाचव्या दिवशी फजरच्या वेळी बहिणीने हात लावला तर अंग गार. अम्मीने लगेच शुकराण्याच्या दोन रकात नमाज पढली. बहिणीने सदक्याचे पैसे बाजूला काढले. आज दवाखान्यात न्यायची काय गरज, असे ठरले. मीही त्याला हो म्हटले.

दहा वाजेपर्यंत त्याने दोनदा उलटी केली. पोट दुखते म्हणून कण्हत होता, मग नुसता पडून राहिला. "अशक्तपणा आहे, झोपू द्या," असे प्रत्येकाचे मत. नातेवाइकांचे फोन सुरूच होते आणि सगळे एकच विचारत, प्लेटलेट किती? कुणी पपईच्या पानांचा रस सुचवला.

तेवढ्यात साचलेले पाणी तपासायला आशाताई आल्या. पिंप बघता बघता त्यांचे लक्ष मुलाकडे गेले. त्यांनी विचारले, "लघवी कधी केली यानं?"

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. रात्रीपासून केलीच नव्हती. त्यांनी त्याचे नख दाबून सोडले. पांढरे पडलेले नख पुन्हा लाल व्हायला वेळ लागत होता. तळहात, तळपाय थंड आणि घामेजलेले. "ताई, आत्ता न्या. संध्याकाळची वाट बघू नका."

इस्पितळात त्याला लगेच सलाइन लावले. डॉक्टरांनी समजावले, ते मला आजवर कुणी सांगितले नव्हते. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात. हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. तेवढ्यात योग्य प्रमाणात द्रव मिळाला तर बहुतेक मुले सावरतात. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर नजर ठेवून हे कळत नाही. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, मूल एकदम सुस्त होणे किंवा विनाकारण चिडचिडे होणे, सहा तास लघवी नसणे, यातले एक जरी दिसले तरी रात्र असो की जुम्मा, निघायचे.

मी शाळेत दरवर्षी डेंग्यूचे तक्ते करून घेते. कोरडा दिवस पाळा, हा डास दिवसा चावतो, सगळे त्यात असते. उतरलेल्या तापाबद्दल मात्र एक ओळ नव्हती. यंदा ती मी मुलांकडून लाल खडूने लिहून घेतली.

तिसऱ्या दिवशी पोराने बिर्याणी मागितली. अल्हमदुलिल्लाह, आता तो घरभर धुडगूस घालतो. मोहल्ल्यात कुणाचे मूल तापले की अम्मी दम करायला जाते, पण फुंकर घालण्याआधी विचारते, "पेशाब किया क्या?" पोरे हसतात. हसू देत.