पाचव्या खेळीला घोडा दिला, डाव बरोबरीत

वाफसा नाही, शेतात पाय घालता येत नाही, म्हणून आज पिकाचं सोडून बुद्धिबळाचं लिहितो.

एप्रिल १९९२ ला मी ओझरहून सांगलीच्या एका गुरुजींशी पोस्टकार्डावर डाव सुरू केला. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ ला नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तीच सांगली. कार्ड पंधरा पैशाला. त्यावर नुसते आकडे. उभ्या पट्ट्या डावीकडून १ ते ८, आडव्या खालून १ ते ८. ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्याची आधीची खेळी परत लिहायची, म्हणजे घोळ होत नाही. दहा खेळ्यांना तीस दिवस विचाराला, टपालाचे दिवस वेगळे.

पांढरी माझी. मी म्युझियो गँबिट लावला. दुसऱ्या खेळीला एक प्यादं सोडलं. पुढे घोड्यावर प्यादं चालून आलं तरी घोडा हलवला नाही, पाचव्या खेळीला किल्लेकोट केला. घोडा गेला, पण वजीर आणि हत्ती एकाच पट्टीत त्यांच्या राजाच्या अंगावर आले. आपल्या टोमॅटोसारखंच. रोपं, बांबू, तार, औषध, सगळा पैसा आधी जमिनीत. पदरात काय पडतं ते नारायणगावला माल गेल्यावर कळतं.

चौदा महिन्यांनी माझा एक हत्ती कमी, पण गुरुजींचा राजा उघड्यावर. वजिराने शह देत राहिलो तर त्याला दोनच घरं, तीच स्थिती तीनदा आली की बरोबरी. शह थांबवून दुसरा हत्ती आणला तर मात होईल, नाहीतर माझाच डाव जाईल.

त्याच जूनमध्ये घरात वाद चालू होता. कर्ज काढून उरलेल्या एकरातही टोमॅटो लावायचा का? मी लावू म्हणत होतो, वडील नको म्हणत होते. चार रात्री पट मांडून बसलो. हत्ती आणल्यावर त्यांच्या एका शहाला मला उत्तर सापडेना. शेवटी कार्डावर शह लिहिला, खाली लिहिलं, बरोबरी घ्यायची का? आणि वडिलांना म्हटलं, त्या एकरात बाजरीच पेरू.

त्या साली टोमॅटोला भाव चांगला मिळाला. घरात हळहळ झाली. मला मात्र तो निर्णय आजही चुकला वाटत नाही. भाव पडला असता तर कर्ज फेडायला दुसरं काही नव्हतं.

आता हा खेळ इंटरनेटवर चालतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कॉम्प्युटरची मदत चालते, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात.

गुरुजींचं शेवटचं कार्ड जपून ठेवलंय. लिहिलं होतं, "बरोबरी मान्य. घोडा वाया गेला नाही."

तुमच्यात कोणी पोस्टाने खेळलं असेल तर जरूर कळवा.