मनगटावरचे पिवळे कडे

वाचकहो, माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात पोस्टाचे एक जुने पाकीट आहे आणि त्या पाकिटात रबरासारख्या मऊ सिलिकॉनचे एक पिवळे कडे आहे. उन्हाने व घामाने त्याचा रंग विटला आहे, एका जागी ते चिरलेही आहे. बाजारात त्याला आज कोणी एक पैसा देणार नाही. तथापि गेल्या महिन्यात दिल्लीच्या आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने माझ्यापुढे वर्गणीचा कागद ठेवला, तेव्हा काय करावे हे मला या कड्यानेच सांगितले. ती हकीकत आपल्यापुढे मांडावीशी वाटते. कारण असा कागद आज ना उद्या आपल्याही पुढे येणार आहे.

हा सहकारी आणि त्याचे काही मित्र कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी निधी जमविण्याकरिता दिल्लीहून जयपूरपर्यंत सायकलने जाणार होते. दर किलोमीटरमागे आपण काही रक्कम देण्याचे वचन द्यायचे, अशी त्यांची योजना. माझ्या मनात प्रथम आले ते असे, की रुग्णाला हवा आहे पैसा. मग या मुलाने उन्हातान्हात दमायचे कशासाठी? द्यायचे असेल तर सरळ द्यावे! परंतु हे शब्द ओठांवर आले आणि तेथेच थांबले. मला आप्पांची आठवण झाली.

माझे वडील कराडला पोस्टमन होते. काळ्या सायकलच्या हँडलला टपालाची पिशवी अडकवून ते तीस वर्षे दारोदार फिरले. २००६ साली त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि उपचारांसाठी आम्ही मुंबईस आलो. डोंबिवलीच्या मावशीकडे आमचा मुक्काम असे. क्षकिरणांच्या उपचाराने आप्पांचा घसा आतून सोलून निघाला होता; पाण्याचा घोटही त्यांना उतरत नसे. अशा दिवसांत दादाने स्टेशनाबाहेरच्या पदपथावरून दहा रुपयांना हे पिवळे कडे आणले व त्यांच्या मनगटात घातले. त्यावर इंग्रजीत ‘लिव्हस्ट्राँग’ असे कोरलेले होते. आप्पांनी खुणेनेच मला अर्थ विचारला. मी म्हटले, “नेटाने जगा.” भाषांतर हा पुढे माझा व्यवसाय झाला, पण माझे पहिले भाषांतर तेच.

दादाने मग त्यांना लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूची कथा सांगितली. १९९६ साली त्याला वृषणाचा कर्करोग झाला आणि तो फुप्फुसांत व मेंदूतही पसरला. त्यातून तो वाचला, १९९७ साली त्याने कर्करुग्णांसाठी एक संस्था काढली आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे फ्रान्सची महाशर्यत ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. त्या शर्यतीत जो आघाडीवर असतो त्याला पिवळा सदरा मिळतो; म्हणून कड्याचाही रंग पिवळा. २००४ साली नायकी कंपनीच्या साहाय्याने त्याच्या संस्थेने एकेक डॉलरला ही कडी विकावयास काढली. पुढे अशी आठ कोटींहून अधिक कडी विकली गेली. आपल्याकडच्या पदपथांवर त्यांच्या नकला येऊन पडल्या, आणि आमचे कडे त्यांपैकीच एक होते.

आप्पांना शर्यतीशी काही कर्तव्य नव्हते. परंतु तो मनुष्य सायकल चालवितो एवढ्यानेच त्यांचे त्याच्याशी नाते जुळले. उपचार संपले, आवाज थोडा घोगरा राहिला, पण आप्पा बरे झाले आणि पुन्हा सायकलवर बसले. कडे मनगटातच राहिले.

पुढे २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आर्मस्ट्राँगला दोषी ठरविले आणि त्याची सातही अजिंक्यपदे काढून घेण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये दूरदर्शनवरील मुलाखतीत त्याने स्वतःच उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. त्या दिवसाचे वर्तमानपत्र मी गादीखाली लपविले. ज्याच्या आधाराने वडिलांनी ते दिवस काढले तो आधारच खोटा ठरल्याचे त्यांना माझ्या घरी कळू नये, असे मला वाटले. पण आयुष्यभर लोकांना बातम्या पोचविणाऱ्या माणसापासून बातमी लपविणे सोपे नव्हते. चौकातल्या चहाच्या दुकानात त्यांनी ती वाचलीच.

घरी आल्यावर ते म्हणाले, “पोरी, पेपर काढ गादीखालचा. त्यानं शर्यतीत लबाडी केली. आजाराशी तर नाही ना केली?”

मी गप्प राहिले. मग त्यांनी कडे मनगटातून काढले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, “हे दहा रुपयांना घेतलं होतं ना दादानं? त्यातले त्या संस्थेला किती पोचले असतील?”

“एकही नाही, आप्पा. नक्कल आहे ती.”

“म्हणजे तो खोटा, हे कडंही खोटं, आणि मी मात्र खरोखरीचा बरा झालो,” असे म्हणून ते हसले. पण नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी उपचार झालेल्या रुग्णालयातील गरीब रुग्णांच्या निधीसाठी शंभर रुपयांची मनीऑर्डर केली आणि पुढे दर महिन्याला ती करीत राहिले. कडे त्यांनी एका पाकिटात ठेवले व प्रत्येक पावती त्याच पाकिटात घातली. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, “पाकिटावर तिकीट किती का सुंदर असेना, पत्र पोचलं पाहिजे.”

तिकिटाची ही उपमा त्यांना सहज सुचली नव्हती. मी शाळेत असताना क्षयरोगनिवारणासाठी विकावयाच्या चिकटचिठ्ठ्यांचा एक ताव मला मिळाला होता. त्या कोणी घेईना, तेव्हा आप्पांनी स्वतःच बऱ्याचशा विकत घेतल्या आणि नातेवाइकांच्या पत्रांवर टपाल तिकिटाशेजारी लावल्या. या चिठ्ठ्यांची कल्पना मुळी एका टपाल कर्मचाऱ्याचीच आहे. डेन्मार्कमधील आयनार होलबोल यांनी १९०४ साली नाताळच्या पत्रांवर लावण्यासाठी अशी पहिली चिठ्ठी काढविली आणि तिच्या विक्रीतून क्षयग्रस्त मुलांच्या शुश्रूषेसाठी पैसा उभा केला. भारतात क्षयरोग संघाने १९५० पासून ही मोहीम सुरू केली. तेव्हा चिमूटभर पैसे देऊन खूण विकत घ्यावयाची, ही रीत जुनीच आहे. फरक एवढाच, की चिठ्ठी पत्राबरोबर निघून जाते आणि कडे देणाऱ्याच्याच मनगटावर मिरवत राहते. ज्या खुणेकडे लोक पाहतात ती खूण म्हणजेच दान, असा समज मग आपला नकळत होऊन बसतो.

आता राहिला सायकलीचा प्रश्न. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची एक सायकलयात्रा दरवर्षी ऑगस्टमध्ये निघते. बिली स्टार या गृहस्थांच्या आई कर्करोगाने वारल्या होत्या. त्यांनी १९८० साली ३६ सायकलस्वारांसह ही यात्रा सुरू केली आणि पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर जमविले. यात्रेकरूंनी आणलेला निधी बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो. आजवर ही रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. प्रत्येक स्वाराने किमान किती रक्कम आणावयाची हे आधीच ठरलेले असते, आणि कमी पडल्यास ती त्याला पदरची भरावी लागते. शिवाय स्वारांनी जमविलेला प्रत्येक डॉलर संस्थेला पोचतो. यात्रेचा खर्च निराळ्या मार्गांनी भागविला जातो.

हे वाचताना मला आषाढीची वारी आठवली. कराडच्या आमच्या आळीतील ज्यांना पायी जाणे जमत नसे, त्या बायका वाटेवरच्या नातलगांकडे जाऊन वारकऱ्यांसाठी भाकऱ्या भाजत. वारीत कोणी पैशाचा हिशेब मांडीत नाही, म्हणून ही तुलना फार ताणू नये हे खरे. परंतु जो चालतो त्याच्या श्रमात न चालणाऱ्यालाही वाटा मिळतो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. सायकलस्वाराच्या श्रमाने रोग बरा होत नाही. त्याच्या श्रमाने होते ते एवढेच, की तो मागायला येतो तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही, आणि आपल्यालाही त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे जड जाते.

मी त्या सहकाऱ्याला बसविले आणि विचारले, “पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार? प्रवासाचा, जेवणाचा, सदऱ्यांचा खर्च त्यातून होणार का? रुग्णांना औषधासाठी मिळणार की दुसऱ्या कामासाठी? आणि पावती कोण देणार?” तिसरा प्रश्न मी मुद्दाम विचारला. आर्मस्ट्राँगच्या संस्थेचा भर पुढे संशोधनापेक्षा रुग्णांना मार्गदर्शन व आधार देण्यावर राहिला. ते कामही मोलाचेच आहे. त्याच्या पतनानंतर संस्थेने त्याच्यापासून फारकत घेतली आणि २०१४ साली टेक्सास विद्यापीठातील कर्करोग केंद्रासाठी पाच कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. म्हणजे मनुष्य कोसळला तरी काम उभे राहू शकते. पण आपला पैसा कोणत्या कामासाठी आहे, हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

त्या मुलाला दोन प्रश्नांची उत्तरे देता आली. उरलेल्या दोहोंसाठी तो थोडा रागावूनच परत गेला. दोन दिवसांनी मात्र रुग्णालयाच्या निधीचे पत्र घेऊन आला आणि म्हणाला, “ताई, बरं झालं विचारलंत. सदऱ्यांचा खर्च वर्गणीतूनच धरला होता. आता तो आम्ही खिशातून करणार आहोत.”

मी किलोमीटरमागे पाच रुपये लिहिले. त्याने खिशातून एक निळे कडे काढून माझ्यापुढे धरले. मी ते घेतले आणि मनगटात घातलेही. त्यात काही कमीपणा नाही. आप्पा २०१७ साली गेले. अखेरपर्यंत कर्करोग त्यांच्याकडे परत फिरकला नाही. त्यांच्या पाकिटात पिवळ्या कड्याबरोबर पन्नासच्या वर पावत्या आहेत.

जयपूरहून ती मंडळी सुखरूप परतली. पुढच्या आठवड्यात माझी पावती आली आणि मी ती त्याच पाकिटात ठेवून दिली.